पेव उघडल्यावर

जागा एकच होती, वजनकाट्यावरच्या कारकुनाची.
माणसं आली अकरा.
सांगलीच्या यार्डात हळदीच्या सौद्याचा दिवस
आणि मुलाखती मी नेमक्या त्याच दिवशी ठेवलेल्या,
म्हणजे अक्कल बघा माझी.

पहिल्याला नाव विचारलं, तेवढ्यात निजामाबादचा फोन.
दुसरा शिक्षण सांगत होता,
मी गेटपासवर सह्या करत होतो,
"हां, हां, बोला, ऐकतोय" म्हणत.
तिसऱ्याच्या वेळी दार सात वेळा उघडलं:
चहा, हमाली, बारदान कमी पडलंय,
कुणीतरी नुसतंच डोकावून "असू दे, असू दे."
त्या पोराला विचारलं, "गाव कुठलं?"
"साहेब, दोनदा सांगितलं," म्हणाला,
आणि स्वतःच ओशाळला.

चौथी यास्मिन नदाफ. कवठेमहांकाळची.
ती बोलत होती, माझा अंगठा मोबाईलवर,
काचेखाली भाव वर-खाली.
ती थांबली.
मला वाटलं झालं. "बरं, कळवतो."
ती उठली नाही.
"माझं संपलं नाही अजून. तुमचं होऊ दे आधी."
रागानं नाही.
ट्रक काट्यावर पुरता थांबेपर्यंत
आकडा वाचायचा नसतो,
तशी बसून राहिली.

आमचे आण्णा हरिपूरला पेवावर होते.
जमिनीच्या पोटात हळद, वर चिखलानं लिंपलेलं तोंड.
तोंड फोडलं की लगेच उतरायचं नाही.
दोरीला कंदील बांधून आत सोडायचा,
विझला तर काठावर बसायचं,
तंबाखू मळायची, पुन्हा सोडायचा.
"हळद काय पळून जाते व्हय?" म्हणायचे.
"घाई केलेला गडी मात्र वर येत नाही."
पुरात ती पेवं गेली. आण्णा त्याआधीच.
आणि मी एवढी वर्षं
माणसाचं झाकण अर्धं सारायचो,
वरूनच म्हणायचो, काही नाही आत.

मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली सिद्रामकडे दिली.
"दाराबाहेर बस. आग लागली तरच ठोठाव."
टेबलावरचे हळकुंडांचे नमुने उचलले,
कारण माझी बोटं तिकडंच जातात.
खुर्ची फिरवली, खिडकी पाठीमागं घेतली.
मग विचारलं,
"आधीची नोकरी का सोडली?"

ती गप्प.
माझ्या तोंडात दोन उत्तरं तयार होती,
पगार कमी असेल, लांब पडत असेल,
नेहमी मीच देतो ती, समोरचा नुसती मान हलवतो.
दोन्ही गिळली.
बाहेर फावड्यांचा आवाज. पंख्याची एक पाती कुरकुरते,
हे मला नऊ वर्षांत आज कळलं.

"पोत्यामागं अर्धा किलो कमी लिहा म्हणायचे," ती म्हणाली.
"मी बरोबर लिहायला लागले.
मग म्हणाले, उद्यापासून येऊ नका."

चांगलं उत्तर होतं. मी पेन उचललं.
पण कंदील हातातच होता म्हणा,
लिहिलं नाही. थांबलो अजून.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.
"सात महिने मात्र मी तसंच लिहिलं," म्हणाली.
"तेही सांगायला पाहिजे."

उरलेल्या सात जणांना सिद्रामनं एकेक करून आत सोडलं.
दिवे लागले तरी चाललं होतं.
मालकांनी दोनदा विचारलं, फोन कुठाय तुझा?

सगळे गेल्यावर सकाळचे तीन कागद काढले.
पहिल्यावर "ठीक". दुसऱ्यावर "ठीक".
तिसऱ्यावर कपाचा गोल डाग, एवढंच.
तिघांना फोन लावले.
पुन्हा या म्हणालो, सौदा नसेल त्या दिवशी.
तिसरा घाबरला, "साहेब, माझं काही चुकलं का?"
"नाही. गाव सांगा."
"अंकलखोप."

डागाच्या मधोमध लिहिलं, अंकलखोप.
मग विचारलं, आणि गप्प बसलो,
"घरी कोण कोण असतं?"

जागा अजून एकच आहे.